रुडॉल्फ हेसचें विस्मरण : सोंग कीं रोग?

३० नोव्हेंबर १९४५ रोजीं दुपारीं न्यूरेंबर्गच्या आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायालयानें एक असाधारण बैठक भरविली. इतर आरोपींना त्यांच्या कोठड्यांत परत नेण्यांत आलें होतें. आरोपींच्या बांकावर एकटा रुडॉल्फ हेस बसला होता; गालफडें बसलेलीं, भुवया दाट, आणि त्यांखालीं खोल गेलेले डोळे. त्याच्या अपराधाचा प्रश्न त्या दिवशीं नव्हता. ज्या माणसाला स्वतःचें गतायुष्यच आठवत नाहीं त्याच्यावर खटला चालवितां येईल काय, एवढेंच न्यायाधीशांना ठरवावयाचें होतें. त्याचे वकील फॉन रोरशाइट यांनीं वैद्यांचे अहवाल पुढें ठेवून बराच वेळ युक्तिवाद केला : आपला अशील स्वतःचा बचाव करण्यास असमर्थ आहे, त्याला ह्या खटल्यांतून तूर्त वगळावें. सरकारपक्षानें त्याला उत्तर दिलें. शेवटीं न्यायाध्यक्ष लॉरेन्स यांनीं खुद्द हेसचें म्हणणें ऐकण्याचें ठरविलें. हेस उभा राहिला, आणि एका कागदावरून त्यानें वाचून दाखविलें कीं, ह्या क्षणापासून आपली स्मृति बाह्य जगाला पुन्हा प्रतिसाद देईल. विस्मरणाचें सोंग आपण केवळ डावपेंच म्हणून घेतलें होतें. चित्त एकाग्र करण्याची शक्ति तेवढी थोडी उणावली आहे. केलेल्या सर्व कृत्यांची जबाबदारी आपण पत्करतों. आणि आपल्या वकिलांनाहि आपण फसविलें असल्यामुळें त्यांचा युक्तिवाद प्रामाणिक होता असेंच समजावें.

सभागृहांत एकच खळबळ उडाली. वेड पांघरून पेडगांवास जाण्याची आपल्याकडील म्हण ह्या माणसाला तंतोतंत लागू पडली, असें वाटण्याजोगाच तो प्रसंग होता. परंतु म्हणींतला माणूस शहाणा आहे, हें म्हण वापरणाराला आधींच ठाऊक असतें. न्यूरेंबर्गच्या वैद्यांना तें ठाऊक नव्हतें. आणि हेसच्या कबुलीनंतरहि त्यांतल्या कित्येकांचा संशय फिटला नाहीं. सोंग घेतलें होतें असें सांगणारा हेस त्या क्षणीं तरी खरें बोलत होता काय?

ह्या प्रश्नाचा उगम चार वर्षें मागचा आहे. १० मे १९४१ च्या संध्याकाळीं हेस ऑग्सबर्गहून मेसरश्मिट जातीचें विमान घेऊन एकटाच निघाला आणि रात्रीं स्कॉटलंडमधील ईगलशॅम गांवाजवळ हवाई छत्रीनें उतरला. विमान कोसळलें, हेसच्या पायाचा घोटा तेवढा दुखावला. आपलें नांव आल्फ्रेड हॉर्न असल्याचें सांगून त्यानें ड्यूक ऑफ हॅमिल्टन यांची भेट मागितली. हिटलरचा उपनेता, नाझी पक्षाचा इतका मोठा अधिकारी, ऐन युद्धांत शत्रूच्या मुलखांत तहाचें बोलणें करण्यास आपण होऊन येतो, हें कोणाच्याच बुद्धीला सहजासहजीं पटणारें नव्हतें. त्याच्याजवळ निरनिराळ्या औषधांचा मोठा सांठा निघाला. त्यांत होमिओपॅथीचीं औषधें होतीं, जीवनसत्त्वें होतीं, आणि कशासाठीं घेतलीं असावींत याचा वैद्यांनाहि उलगडा करावा लागेल अशींहि कांहीं होतीं.

त्याच्या मनाचें पहिलें निदान मात्र कोणा वैद्यानें केलें नाहीं; तें जर्मन नभोवाणीनें केलें. १२ मे रोजीं नाझी पक्षाचें निवेदन प्रसृत झालें कीं, हेसनें मागें ठेवलेल्या पत्रांतील असंबद्धतेवरून त्याच्या बुद्धीला भ्रंश झाल्याच्या खुणा दिसतात, आणि तो भ्रमाला बळी पडला असावा. त्याची पत्नी इल्झे हिनें पुढें जें सांगितलें तें याहून चमत्कारिक आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणें हेसनेंच हिटलरला लिहिलेल्या त्या पत्रांत सुचविलें होतें कीं, बेत फसला तर मला वेड लागलें होतें म्हणून खुशाल सांगावें. म्हणजे वेडेपणाचा दाखला रोग्यानें स्वतःच लिहून ठेवला, आणि सरकारनें आपल्या सोयीनें त्यावर शिक्का मारला. मानसिक निदानाचा इतका उघड राजकीय उपयोग क्वचितच झाला असेल.

ब्रिटिशांनीं त्याला कांहीं दिवस लंडनच्या टॉवरमध्यें ठेवून नंतर ऑल्डरशॉटजवळील मिचेट प्लेस ह्या वाड्यांत हलविलें. ब्रिटिश लष्कराचे मानसोपचार-सल्लागार डॉ. जे. आर. रीस यांच्याकडे त्याची देखरेख आली, आणि जर्मन भाषा उत्तम जाणणारे डॉ. हेन्री डिक्स यांचा त्याच्याशीं प्रत्यक्ष संबंध येऊं लागला. थोड्याच दिवसांत असें दिसून आलें कीं, आपल्याला अन्नांतून विष घातलें जात आहे, अशी हेसची खात्री झालेली आहे. पहाऱ्यावरील अधिकारी त्याच्याच मेजावर बसून तेंच अन्न खात. तरीहि तो समोरची बशी सोडून दुसऱ्याची उचली, आणि संशयित पदार्थांचे नमुने कागदांत बांधून जपून ठेवी. जून १९४१ मध्यें एके रात्रीं त्यानें जिन्याच्या कठड्यावरून खालीं उडी घेतली. जीव वांचला, पण मांडीचें हाड मोडलें.

विष घातलें जात आहे हा निव्वळ भ्रम होता, याविषयीं वैद्यांत दुमत नव्हतें. परंतु त्याच्या सर्वच संशयांना भ्रम म्हणतां येत नाहीं, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाहीं. त्या वाड्यांत ठिकठिकाणीं गुप्त ध्वनिग्राहक बसविलेले होते आणि हेसचें बोलणें खरोखरच ऐकलें जात होतें. त्याच्या सोबतीला दिलेल्या अधिकाऱ्यांपैकीं कांहीं गुप्तहेर खात्याचे होते. जूनच्या सुमारास ब्रिटिश मंत्रिमंडळांतील लॉर्ड सायमन त्याच्याशीं बोलण्यासाठीं आले तेव्हां त्यांनीं नांव घेतलें होतें डॉ. गथ्री, भेटीचा सुगावा लागूं नये म्हणून मंत्र्यालाच मानसोपचारतज्ज्ञ करण्यांत आलें होतें! हेसला पाहुण्याची खरी ओळख माहीत होती. पण ज्या घरांत मंत्री वैद्याचा वेष घेतात आणि भिंतींना खरोखरीचे कान असतात, त्या घरांत रोग्याचा कोणता संशय रोग आणि कोणता सावधपणा, हें ठरविणाराची परीक्षाच होती. डिक्स आणि रीस हे वैद्य होते तसेच लष्करी अधिकारीहि होते. त्यांनीं केलेल्या नोंदी रोग्याच्या हितासाठीं जितक्या, तितक्याच सरकारसाठींहि होत्या.

त्यांत आणखी एक अडचण होती. १९२९ च्या जिनीव्हा करारान्वयें गंभीर आजारी युद्धकैद्याला मायदेशीं परत पाठवावें लागे. हेस वेडा ठरला असतां तर त्याला जर्मनींत धाडण्याची मागणी झाली असती. उलट तो पूर्ण शहाणा आहे असें म्हणावें तर त्यानें आणलेल्या तहाच्या बोलण्याला वजन प्राप्त झालें असतें. म्हणून तो ना धड वेडा, ना धड शहाणा, अशा अवस्थेंतच त्याला ठेवणें ब्रिटिश सरकारला सोयीचें होतें. वैद्यांनीं सरकारच्या सांगण्यावरून निदान केलें असें म्हणण्यास आधार नाहीं. मात्र निदानाच्या शब्दाशब्दावर राज्यकारभाराचा भार पडलेला होता, हें लक्षांत ठेवलें पाहिजे.

जून १९४२ मध्यें त्याला वेल्समधील अॅबरगॅव्हेनीजवळच्या मेन्डिफ कोर्ट ह्या रुग्णालयांत नेण्यांत आलें. तेथें १९४३ च्या अखेरीस विस्मरणाचा आरंभ झाला. आधीं नांवें गेलीं, मग माणसें, मग बहुतेक सर्व पूर्वायुष्य. मे १९४४ मध्यें डॉ. डिक्स यांनीं त्याच्या शिरेंत इव्हिपान हें गुंगीचें औषध टोंचून त्याला अर्धवट झोंपेंत प्रश्न विचारले. आपली पत्नी, आपला मुलगा, आपला नेता, कशाचीहि आठवण त्याला देतां आली नाहीं. तो फक्त कण्हत राहिला आणि दुखतें, दुखतें म्हणत राहिला. अशा गुंगींत माणसाला खोटें बोलतां येत नाहीं, अशी त्या काळीं पुष्कळांची समजूत होती. ती खरी नव्हती. गुंगींतहि माणूस लपवाछपवी करूं शकतो, आणि याहून घातक गोष्ट म्हणजे प्रश्न विचारणाराच्या मनांतलें उत्तर आपलेंच समजून देऊं शकतो, हें पुढें पुरतें सिद्ध झालें. आपण त्या वेळीं शुद्धीवर राहून वैद्यांना कसें चकविलें याची प्रौढी हेसनें नंतर पत्नीला लिहिलेल्या पत्रांत मिरविली आहे. ती प्रौढीहि जशीच्या तशी खरी मानण्याचें कारण नाहीं.

तुरुंगांतील वेड हा प्रश्न मानसोपचारांत जुनाच होता. जर्मन वैद्य झिग्बर्ट गान्झर यांनीं १८९८ मध्यें हाले येथील कांहीं कैद्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. साध्या प्रश्नांचीं उत्तरें ते चुकीचीं देत, पण तीं अशीं कीं, खरें उत्तर ठाऊक असल्याशिवाय इतकें जवळचें चुकीचें उत्तर सुचूंच नये. घोड्याला पाय किती असें विचारावें तर पांच म्हणावें, अशा थाटाचा तो प्रकार. साहजिकच हे लबाड आहेत असें पाहणाराला वाटे. गान्झर यांचें मत निराळें पडलें : हे लोक ढोंगी नसून त्यांच्या मनाच्या वरच्या थरावर उन्मादाची झांक आली आहे, आणि शुद्धीवर आल्यावर त्यांना आपल्या उत्तरांची आठवणहि राहत नाहीं. गान्झरांचें म्हणणें बरोबर कीं चूक, यावर त्यानंतर सव्वाशें वर्षें वाद चालू आहे. पहिल्या महायुद्धांत तोफांच्या भडिमारानें मुक्या, आंधळ्या नि पांगळ्या झालेल्या शिपायांपुढें हाच प्रश्न अधिक निष्ठुर रूपानें उभा राहिला, आणि त्याचें उत्तर कित्येकदां विजेच्या झटक्यांनीं शोधण्यांत आलें. रीस आणि त्यांचे सहकारी त्याच परंपरेंत वाढलेले होते.

फेब्रुवारी १९४५ मध्यें हेसनें एकाएकीं जाहीर केलें कीं, आपली स्मृति उत्तम आहे, एवढा काळ आपण सोंग करीत होतों. येथपर्यंत ठीक. पण त्याच वेळीं त्यानें असेंहि सांगितलें कीं, आपल्याभोंवतालच्या लोकांना, किंबहुना युरोपांतील अनेक राजकारण्यांनाहि, ज्यू लोकांनीं एका गूढ शक्तीनें संमोहित केलेलें आहे. त्यानंतर लवकरच त्यानें पाव कापण्याच्या सुरीनें स्वतःच्या छातींत वार करून घेतला. सोंगाची कबुली आणि भ्रमाचें प्रतिपादन अशीं एकाच दमांत बाहेर पडलीं, तेव्हां पहिलीवर किती विश्वास ठेवावा? शिवाय त्या भ्रमाचा विषय तरी काय? १९३५ च्या ज्यूविरोधी न्यूरेंबर्ग कायद्यांवर ज्यांच्या सह्या आहेत त्यांत हेस एक आहे. ज्या कल्पनेला वेल्सच्या रुग्णालयांत रोगलक्षण मानलें गेलें, तिच्याच भावंडांना जर्मनींत दहा वर्षें राज्यशासनाचें तत्त्वज्ञान म्हणून मान होता. रोगाची सीमा येथें वैद्यकाच्या पुस्तकांतून कोणाला दाखवितां आली असती, असें वाटत नाहीं. त्या वर्षाच्या उन्हाळ्यांत त्याची स्मृति पुन्हा गेली.

८ ऑक्टोबर १९४५ रोजीं त्याला न्यूरेंबर्गला आणण्यांत आलें. बरोबर त्याच्या त्या विषारी समजलेल्या पदार्थांच्या मोहोरबंद पुड्याहि आल्या. दुसऱ्या दिवशीं चौकशीच्या खोलींत गोअरिंगला त्याच्यासमोर उभें केलें. "आपण कोण?" असें हेसनें विचारलें. इतकीं वर्षें बरोबर काढलीं, आणि मला ओळखीत नाहींस, असें म्हणून गोअरिंगनें एकामागून एक आठवणी काढून पाहिल्या. उपयोग झाला नाहीं. हेसचे गुरु, म्युनिकचे वृद्ध प्राध्यापक कार्ल हाउसहोफर, यांना आणलें. त्यांनाहि त्यानें ओळखलें नाहीं. मग त्याच्या दोन जुन्या चिटणीस स्त्रिया आल्या. एकदां अंधाऱ्या खोलींत नाझी मेळाव्यांचे जुने चित्रपट दाखवून वैद्यांनीं पडद्याऐवजीं हेसच्या चेहऱ्याकडे नि हातांकडे पाहण्याचें काम केलें. तुरुंगाचे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ डग्लस केली यांना गुंगीचें औषध पुन्हा टोंचून पाहावयाचें होतें. हेसनें नकार दिला. आणि सरकारी वकील जॅक्सन यांनींहि तें होऊं दिलें नाहीं, कारण पुढें कांहीं दिवसांनीं त्याच्यावर वीज कोसळून तो मेला तरी लोक औषधालाच दोष देतील, अशी त्यांना भीति होती.

न्यायालयानें चार राष्ट्रांच्या तज्ज्ञांकडून अहवाल मागविले. ते वाचतांना आश्चर्य वाटतें तें मतभेदाचें नव्हे, तर एकमताचें. तो अस्थिर प्रकृतीचा आहे, उन्मादप्रवण आहे, पण खऱ्या अर्थानें वेडा नाहीं, असें सर्वांनीं म्हटलें. ब्रिटिश वैद्यांनीं विषाच्या भ्रमाची नोंद केली आणि सांगितलें कीं, खटला त्याला समजेल, मात्र विस्मरणामुळें बचाव करण्यांत अडथळा येईल. अमेरिकन आणि फ्रेंच वैद्यांनीं, ज्यांत पॅरिसचे जां दले होते, बारीक कांतलेलें उत्तर दिलें : विस्मरण अंशतः खरें आहे, आणि त्यावर हेसनें जाणूनबुजून भर घातली आहे, आरंभीं संकटापासून बचाव म्हणून घेतलेली ही वृत्ति आतां अर्धीअधिक संवयीची झाली आहे. सोव्हिएट वैद्यांनीं मात्र एक भविष्य वर्तविलें. असा रोगी, नीट वागण्यावांचून गत्यंतर नाहीं अशा पेंचांत सांपडला म्हणजे त्याची स्मृति पुष्कळदां परत येते. म्हणून प्रत्यक्ष खटला सुरू झाल्यावर हेसचें विस्मरण संपण्याचा संभव आहे, असें त्यांनीं लिहून ठेवलें.

खटला २० नोव्हेंबरला सुरू झाला आणि दहा दिवसांनीं नेमकें तसेंच घडलें. त्या दुपारच्या बैठकीपूर्वीं तुरुंगाचे मानसशास्त्रज्ञ गुस्टाव्ह गिल्बर्ट यांनीं हेसला सहज सुचविलें होतें कीं, बहुधा तुला असमर्थ ठरवून खटल्यांतून काढतील, आणि मग आपली भेट फारशी होणार नाहीं. आपण समर्थ आहों, असें हेस त्यावर म्हणाला, आणि कांहीं वेळानें न्यायालयांत त्यानें तें निवेदन वाचलें. बाहेर काढलें जाण्याच्या भीतीनें त्याची स्मृति परत आली, कीं बाहेर काढलें जाण्याच्या अपमानानें तिला परत बोलावलें? दुसऱ्या दिवशीं, १ डिसेंबरला, न्यायालयानें तो खटल्याला लायक असल्याचा निर्णय दिला. न्यायालयाचें काम झालें. वैद्यांचें झालें नाहीं.

गिल्बर्ट त्याची स्मृति वरचेवर तपासत राहिले. आंकडे ऐकून तसेच म्हणून दाखविण्याच्या परीक्षेंत हेस डिसेंबरांत ठीक होता. १९४६ च्या आरंभापासून तो घसरत गेला आणि थोड्याच महिन्यांत अलीकडच्या गोष्टींचेंहि त्याला विस्मरण होऊं लागलें. ह्या वेळीं विस्मरणाचा कांहींच फायदा नव्हता, कारण न्यायालयाचा निर्णय होऊन गेला होता. रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९४७ मध्यें ह्या रोग्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा कल विस्मरण पुष्कळ अंशीं खरें होतें असें मानण्याकडे आहे. तें खरें धरलें तर ३० नोव्हेंबरची कबुली हेंच एक सोंग ठरतें. ज्याला स्वतःच्या मनावर आपला ताबा नाहीं हें कबूल करणें असह्य होतें, त्यानें "मी हें मुद्दाम केलें" असें म्हणून आपली अब्रू राखली! माणसाचा स्वभाव पाहतां हें स्पष्टीकरण सर्वांत पटणारें आहे. फसविलें असें सांगण्यांत एक प्रकारचा विजय असतो. आजारी होतों असें सांगण्यांत तो नसतो.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत अशा प्रकरणांसाठीं एक साधी पण मार्मिक परीक्षा निघाली. रोग्याला एक वस्तु दाखवावयाची आणि मग दोन वस्तूंपैकीं मघाशीं पाहिली ती कोणती असें विचारावयाचें, तेंहि पुनः पुन्हा. ज्याला खरोखर कांहींच आठवत नाहीं तोहि छापा-कांटा केल्याप्रमाणें निम्म्या वेळां बरोबर ठरतो. जो निम्म्यापेक्षां पुष्कळच कमी वेळां बरोबर ठरतो, त्याला खरें उत्तर ठाऊक असून तो तें टाळीत आहे, असें मानावें लागतें. हेसच्या वेळीं ही परीक्षा नव्हती. असती तरी तिनें सोंग उघडें केलें असतें. सोंगाच्या आड रोग नाहीं, हें तिला सांगतां आलें नसतें.

३१ ऑगस्ट १९४६ रोजीं आरोपींना शेवटचें बोलण्याची संधि मिळाली. हेस बसूनच बोलला. इंग्लंडांत आपल्याभोंवतीं असलेल्या माणसांचे डोळे कांचेसारखे, स्वप्नांत असल्यासारखे दिसत, हें त्यानें इतकें लांबवीत नेलें कीं, न्यायाध्यक्षांना त्याला आटोपतें घेण्यास सांगावें लागलें. १ ऑक्टोबरला निकाल लागला. त्याचें वागणें विचित्र आहे, त्याला विस्मरण होतें आणि खटल्याच्या काळांत त्याची मनःस्थिति ढांसळली, हें न्यायालयानें मान्य केलें. पण आरोपांचें स्वरूप त्याला कळत नाहीं, किंवा कृत्यें केलीं तेव्हां तो शुद्धीवर नव्हता, असें दाखविणारें कांहीं नाहीं, असा शेरा मारून त्याला जन्मठेप दिली. सोव्हिएट न्यायाधीशांना फांशी हवी होती. कांहीं वर्षांनीं चर्चिल यांनीं आपल्या युद्धेतिहासांत हेसला गुन्हेगारापेक्षां रोग्यांत गणावें असें मत नोंदलें.

वैद्यांची पुढील हकीकत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. डग्लस केली यांनीं हेसच्या त्या अन्नाच्या पुड्यांपैकीं कांहीं आपल्याबरोबर अमेरिकेंत नेल्या. १९५८ च्या पहिल्याच दिवशीं त्यांनीं स्वतः सायनाइड घेऊन आत्महत्या केली. हेसच्या विस्मरणाची पारख करणाऱ्या अमेरिकन मंडळींत डॉ. ईवन कॅमेरॉन होते. हेच गृहस्थ पुढें माँट्रिअलच्या अॅलन मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्यें, अमेरिकन गुप्तहेर खात्याच्या छुप्या पैशाची जोड घेऊन, रोग्यांना प्रदीर्घ गुंगींत ठेवूं लागले आणि विजेचे झटके देऊन त्यांच्या जुन्या आठवणी पुसूं लागले. रोग्यांना त्याची धड कल्पनाहि दिलेली नव्हती.

हेस १९४७ पासून बर्लिनच्या स्पॅन्डौ तुरुंगांत राहिला, शेवटचीं वीस वर्षें तर एकटाच, आणि १७ ऑगस्ट १९८७ रोजीं त्र्याण्णवाव्या वर्षीं गळफास घेऊन मेला. मधल्या काळांत ह्यू थॉमस नांवाच्या ब्रिटिश लष्करी शस्त्रवैद्यानें त्याला तपासलें, आणि पहिल्या महायुद्धांतील गोळीच्या जखमेचा वण आपल्याला दिसला नाहीं, म्हणून हा हेस नव्हेच, तोतया आहे, असा सिद्धान्त १९७९ मध्यें पुस्तकरूपानें मांडला. गोअरिंगला त्यानें ओळखलें नाहीं, याचाहि त्यामुळें सोयिस्कर अर्थ लागला. सुदैवानें १९८२ मध्यें तुरुंगांत घेतलेल्या रक्ताचा एक थेंब कांचेच्या पट्टीवर मोहोरबंद राहून गेला होता. त्यांतील आनुवंशिक द्रव्याची हेसच्या पितृवंशांतील एका हयात नातलगाशीं तुलना करण्यांत आली, आणि २०१९ मध्यें तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : स्पॅन्डौचा कैदी रुडॉल्फ हेसच होता.